इंजिनाच्या आधी जाळ्याचा डोळा बघा

जिंतूर तालुक्यात येलदरीच्या फुगवट्याकाठी एका गावात बैठक होती. कापसाचे बोलून झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले, त्याचा राग सगळ्यांच्याच मनात होता. चहा आला तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा उभा राहिला. "साहेब, अनुदानात होडीला इंजिन भेटायलंय म्हणत्यात. घ्यावं का?"

हशा पिकला. कापूस-ज्वारीच्या बैठकीत इंजिनाचे काय काम! आम्ही हसलो नाही. त्या पोराच्या आजोबाची काळीभोर जमीन आमच्या समोरच्या पाण्याखाली आहे. वाट्याला राहिली ती वरची बरड. तिच्यात पाऊस चांगला झाला तर कापूस येतो, नाही तर नुसती पऱ्हाटी उपटायची. मग अशा पोराने पाण्याकडे बघितले तर त्याचे काय चुकले? पण त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

आधी एक कबुली. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो ते बियाणे, खत आणि किडी. मासा आम्हाला पुस्तकाने शिकवला नाही, पाण्यावरच्या भोई मंडळींनी शिकवला. पुढे लिहिलेले निम्मे त्यांचे आहे. उरलेला हिशेब आमचा.

येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. साठा ९३४ दशलक्ष घनमीटर. पूर्ण भरले की पाणी दहा हजार हेक्टरच्या आसपास पसरते. एवढ्या पाण्यात मासा किती निघावा? देशातल्या मोठ्या जलाशयांची सरासरी १९९५ च्या एका अभ्यासात हेक्टरी ११ किलोच्या आसपास निघाली, लहान जलाशयांची ५० किलोच्या आसपास. म्हणजे सरासरीने धरले तर येलदरीचा मासा शंभर-सव्वाशे टन. तो नीट जोपासला, लहान तळ्याइतका आणला, तर पाचशे टन. मधले चारशे टन इंजिनाअभावी पाण्यात राहिलेले नाहीत. ते तयारच होत नाहीत. ही गोष्ट ध्यानात धरा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

आता इंजिनाचा हिशेब. होडीच्या मागे लावायचे आठ हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण ताणले तर तासाला तीन लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. आपला जिल्हा म्हणजे २०१८ साली देशातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या गावांत नाव झळकलेला जिल्हा. टँकर मनमाडकडून येतो, भाडे आपल्या डोक्यावर. २०२१ साली लिटरला शंभरी ओलांडली. एकशे पाच रुपये धरू. संध्याकाळी जाळे टाकायला पाच किलोमीटर जा, या. पहाटे काढायला पुन्हा पाच जा, या. वीस किलोमीटर, दोन तास, सहा लिटर, सहाशे तीस रुपये. ऑइल वेगळे. समजा मासा निघाला पंधरा किलो आणि गुत्तेदाराने काठावर सत्तरचा भाव दिला. एक हजार पन्नास. हातात राहिले चारशे वीस. होडीत माणसे दोन. जाळे फाटते ते धरलेले नाही, इंजिनाचा हप्ता धरलेला नाही. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य ठरले. चाळीस टक्के सरकारचे म्हणजे साठ टक्के तुमचे, आणि पेट्रोल तर शंभर टक्के तुमचे!

आम्ही हे मांडले तेव्हा तो पोरगा म्हणाला, "पण साहेब, जवळ मासाच ऱ्हायला न्हाई. लांब जावंच लागतंय."

खरा प्रश्न हा आहे. मासा लांब का गेला?

काठाकाठाने हिंडून बघा. तंगुसाची बारीक जाळी, दोन बोटे जेमतेम जातील असा डोळा. त्यात पावशेराचा कटला सापडतो. तोच कटला आणखी एक हंगाम पाण्यात राहिला असता तर किलो-दीड किलोचा झाला असता. ना त्याला ढेप, ना निंदणी, ना फवारा. पावशेराचा मासा धरणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे. काठ असा खरवडून झाला की मग माणूस आत जातो, आतले खरवडले की आणखी आत, आणि मग त्याला इंजिन लागते. आपण हे कापसात भोगले आहे. बीटी २००२ साली आले, बोंडअळी गेली म्हणून सगळे निवांत झाले. २०१७ साली गुलाबी अळीने घरात आलेला कापूस सडवला, आणि आपण पुन्हा फवाऱ्याच्या मागे. एका चुकीवर दुसरे महागडे औषध आणायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे. इंजिनाचे तेच होणार आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी जाळे बघा. ओले जाळे हातात घ्या, डोळा समोरासमोरच्या दोन गाठींत ताणून धरा आणि मोजा. किलो-दीड किलोच्या माशाला शंभर मिलिमीटर किंवा त्याहून मोठा डोळा लागतो. टेप नसेल तर ताणलेल्या डोळ्यात चार बोटे सहज खेळली पाहिजेत, अडकता कामा नयेत. जाळे दोरीवर चढवताना लोभ करू नका. शंभर हात जाळे ऐंशी हात दोरीवर ताणून बसवले की लांबी दिसते, पण डोळे आवळतात आणि मासा धडकून परत फिरतो. शंभराचे पन्नास-पंचावन्न हात बसवा. जाळे सैल लोंबले की मासा गुंततो.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सगळे जाळे एकाच उंचीवर टाकणारा माणूस एकाच माशाला धरतो. कटल्याला वरची दोरी पाण्याच्या पृष्ठाशी तरंगती ठेवा. मृगळाला खालच्या दोरीला वजन वाढवा आणि तरंगते तुकडे कमी करा. चांदण्यात जाळे माशाला दिसते, अंधाऱ्या पंधरवड्यात कमी दिसते. हे भोयांच्या म्हाताऱ्याला विचारले तर तो हसतो, एवढेही ठाऊक नाही का म्हणून.

जाळ्याला तरंगायला कीटकनाशकाचे रिकामे डबे बांधलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. हे करू नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशाला अगदी थोडी पुरतात. त्यावरून आठवले. उन्हाळ्यात पाणी उतरले की आपण गाळपेर करतो, टरबूज-काकडी लावतो आणि पाण्याच्या कडेला बिनधास्त फवारतो. ते औषध पहिल्या पावसाने जाते कुठे? ज्या उथळ पाण्यात माशाची पिल्ले वाढतात, तिथे. काठावरचा कास्तकार आणि पाण्यावरचा भोई यांच्यात भांडण लागते, त्यात चूक आपलीही असते. काठापासून निदान चार तासे फवाऱ्याविना सोडा, आणि पंप धरणात धुऊ नका.

आता बियाण्याचे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पुराचे पाणी लागते. म्हणून तर पहिल्या पुरात मासा वर चढतो आणि आपण काठ्या, कोयते, पोती घेऊन चढणीच्या माशावर तुटून पडतो. पोटात अंड्यांनी भरलेली मादी मारून रस्सा करायचा आणि सहा महिन्यांनी मासा नाही म्हणून रडायचे! १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून बी मिळायची सोय झाली. पण धरणात सोडायचे बी बोटभर लांबीचे पाहिजे, आठ-दहा सेंटिमीटरचे. जिऱ्याएवढे सोडले तर ते मरळ आणि शिंगाड्याचा नाश्ता होते. सोसायटीच्या कागदावर लाख बोटुकली सोडल्याची नोंद असते. ती कोणी मोजली? सोडायच्या दिवशी गावातले चार जण काठावर उभे राहा, एक मग भरून पिल्ले मोजा, किती मग ओतले ते मोजा. खताच्या पोत्याचे वजन आपण करून घेतो ना?

आता भावाचे, जिथे आपली नाडी दुखते. पाण्यावरच्या माणसाला जाळे घ्यायला पैसा गुत्तेदार देतो. त्याला उचल म्हणतात, जशी ऊसतोडीला. उचल घेतली की मासा त्यालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावाला, तो ठेवील त्या काट्यावर. सोसायटी कागदावर भोयांची, पाणी सोसायटीचे, आणि मासा गुत्तेदाराचा. ही उचल फेडायला माणूस बारीक डोळ्याचे जाळे टाकतो, कारण त्याला पुढच्या वर्षीचा दीड किलो परवडत नाही, आजचा पावशेर पाहिजे. त्यात इंजिनाची उचल भर घातली की विषय संपला. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दर्जाने शेतकऱ्याचे काय भले झाले, हे आम्हाला विचारू नका. पण निदान बँकेच्या दारात उभे राहायला कागद झाला. त्या कर्जातून पहिल्यांदा जाळी घ्या, बर्फाची पेटी घ्या. इंजिन नंतर. पंधरा किलो मासा बर्फात घालून जिंतूरच्या बाजारात सरळ नेला आणि किलोमागे चाळीस रुपये जास्त आले तर सहाशे रुपये सुटतात. म्हणजे इंजिनाने जेवढे जाळले असते जवळपास तेवढेच.

आणखी एक बोलतो, ते काहींना रुचणार नाही. "जमीन आमची बुडाली, मग मासा आमचा" असे आपल्यातले काही म्हणतात. जमीन बुडाली हे खरे. पण पूर्णेवर भोई धरणाच्या आधीपासून आहेत, नदी बुडाली ती त्यांचीही. आपण इंजिन आणि पैसा घेऊन उतरलो तर त्यांना आपण दुसरे गुत्तेदार. बुडीतल्या कास्तकाराच्या पोराने उतरायचे असेल तर त्यांच्या सोसायटीत सभासद होऊन, त्यांच्या हाताखाली दोन वर्षे वल्हे मारून उतरावे.

एवढे सांगूनही कोणाला इंजिन घ्यायचेच असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून घ्या. जाळी आणि माणसांनी लादलेली सोळा फुटी होडी ताशी दहा किलोमीटरच्या पुढे जात नाही. पुढे नुसते पेट्रोल जळते आणि मागे लाट उठते. अडीच ते पाच हॉर्सपॉवर पुष्कळ झाले, आणि फोर-स्ट्रोक घ्या, किंमत जास्त पण तहान कमी. दांडा किती लांब ते होडीची मागची फळी मोजून ठरवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या किंचित खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ढवळतो. चालू असताना बाजूने पाण्याची बारीक धार पडते तिच्याकडे लक्ष ठेवा. ती थांबली म्हणजे शेवाळ अडकले, लगेच बंद करा, नाही तर इंजिन जळेल. तंगूस पंख्यात गुंडाळला गेला की नुसता कापून पुढे जाऊ नका, पंखा उतरवून आतला वेढा काढा. तो आतली सील कापतो, पाणी गिअरच्या ऑइलमध्ये जाते आणि ऑइल दुधासारखे पांढरे होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या बाभळींची खोडे हातभर पाण्याखाली येतात. तेव्हा इंजिन वर उचला आणि वल्हे घ्या.

भिंतीच्या आणि सांडव्याच्या जवळ जाळे नको. वीजघरातून पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून खालच्या पात्रातही सांभाळून. नांगर होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा, मागे कधीच नाही. मागे इंजिनाचे वजन असते आणि एका लाटेत होडी भरते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळवंडले तर जाळे तसेच सोडा आणि काठ धरा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच ओळखीतले दोघे भाऊ चप्पूवर जाळे काढायला गेले. थर्मोकोलचे चार तुकडे पोत्यात शिवलेले, त्याला आपण चप्पू म्हणतो. वारा सुटला. मोठा पोहत आला. धाकट्याच्या पायात जाळे अडकले होते. तो तिसऱ्या दिवशी सापडला. त्यांच्याकडे इंजिन असते तर ते आणखी आत गेले असते. फोमचे तरंगते जाकीट असते तर धाकटा आज कापूस वेचत असता.

त्या पोराला आमचे उत्तर हे आहे. पुढची बैठक जिंतूरला आहे. येताना त्याने आपल्या जाळ्याचा हातभर तुकडा आणावा, आणि सोसायटीच्या म्हाताऱ्यांनाही सोबत आणावे. टेप आम्ही आणतो. कोणाचा डोळा किती भरतो ते सगळ्यांसमोर मोजू, आणि शंभराच्या खालचे जाळे या पावसाळ्यापासून पाण्यात घालायचे नाही, असा ठराव होतो का ते बघू. जाकिटांची मागणी त्याच ठरावात घालू.