गोष्टीचा शेवट

आपल्या गोष्टी आटपाट नगरात सुरू होतात, तर सेसोथो भाषेतल्या ‘असे म्हणतात की’ या धर्तीच्या शब्दांनी. लेसोथोत आणि दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट भागात ही भाषा घरोघर बोलतात. चुलीपुढे आजीने सांगायच्या त्या गोष्टींत माणसे गिळणारा राक्षस असायचाच. आता मुलांच्या गोष्टी सेसोथोत छापून निघतात, आणि त्यांत ‘मोओकी’, म्हणजे परिचारिकाही भेटते.

अशा गोष्टीला शोभेल अशी एक परिचारिका खरोखरीच होऊन गेली. तिचे नाव सेसिलिया माकिवाने. खोसा समाजातल्या एका धर्मोपदेशकाची ही मुलगी, जन्म १८८० चा. लवडेलच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात ती शिकली. केप वसाहतीने १८९१ सालीच कायदा करून परिचारिकांची सरकारी नोंदणी सुरू केली होती. जगात असा पहिला मान तिचाच! पण त्या नोंदवहीत काळ्या स्त्रीचे नाव चढायला १९०८ साल उजाडावे लागले. ७ जानेवारीला चढले, ते सेसिलियाचे.

बहुतेक लेखक इथेच ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून मोकळे होतील. पण वाचकहो, पुढेही काही आहे. सेसिलिया लवडेलला काम करीत राहिली. मग प्रकृती ढासळली, लांब रजा घ्यावी लागली. फ्री स्टेटमधल्या थाबा न्चू गावी ती बहिणीकडे गेली आणि तिथेच १९१९ साली वारली. वय अवघे एकोणचाळीस.

हे मुलांना सांगावे का? ‘लहान जिवांना मरणाचे कशाला?’ असे कुणीही म्हणेल. मला वाटते, सांगावे. राक्षसाच्या पोटात गाव गेलेले ज्या पोरांनी ऐकले, ती एवढ्याने घाबरायची नाहीत. उलट शेवट लपवला, तर नोंदवहीत नाव चढले की सारे दुःख फिटते, असे त्यांना वाटायचे. शुश्रूषा करणारीही माणूसच असते. तीही थकते, आजारी पडते. आपल्या उशाशी जागणाऱ्या बाईविषयी एवढे कळले, तरी पोर शहाणे झाले म्हणायचे.

आणि शेवट तरी कुठे झाला? १९७७ साली लवडेलला तिचे स्मारक उभे राहिले. म्दांत्सानेच्या मोठ्या रुग्णालयाला तिचेच नाव आहे. त्या दारातून रोज कितीतरी परिचारिका कामावर जातात. गोष्ट सांगणाऱ्या आजीने तिथपर्यंत यावे, आणि मग खुशाल दिवा मालवावा.