वेल आणि वानर

कळलावीची वेल आमच्या बहुतेक वाचकांनीं पावसाळ्यांत कुंपणावर पाहिली असेल. पानाच्या टोकाचा तणावा करून ती मिळेल त्या आधारास धरिते. वर सुकली, तरी जमिनींतील कंदास पुढल्या पावसांत पुन्हां कोंब फुटतो.

सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील सिंहपुच्छ वानरही आधारावरच जगतो. परंतु त्याचा आधार एक झाड नव्हे, तर फांदीस फांदी भिडलेलें सबंध सदाहरित रान होय. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. म्हणून झालेली हानि लवकर भरून येत नाहीं. तामिळनाडूंतील वालपारई येथें चहाच्या मळ्यांमुळें रानाचे तुकडे झाले, आणि या वृक्षवासी प्राण्यास जमिनीवर उतरून रस्ते ओलांडावे लागले. तेथें झाडांमध्यें त्यांच्यासाठीं पूल बांधले, हें स्तुत्य होय. पण पूल म्हणजे रान नव्हे. केरळांतील सायलेंट व्हॅली हें याच वानराचें घर धरणाखालीं जाणार होतें. लोकांनीं आवाज उठविला, आणि १९८४ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, एक रोप लावून आपलें कर्तव्य संपलें असें कोणीं मानूं नये. वेलीस काठी पुरते. वानरास रान लागतें, आणि रान काठीप्रमाणें रोवितां येत नाहीं.