आवाज आहे, मजकूर कुठे आहे?

अंध व्यक्ती संगणक वापरते याचे आता कोणाला नवल वाटत नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे 'स्क्रीन रीडर' हे सॉफ्टवेअर तिच्या हाताशी असते. नवल वाटायला हवे ते निराळ्याच गोष्टीचे. हे साधन आज विनामूल्य मिळते, मराठीही बोलते. आणि तरीही बँकेचे ॲप वा एखादा सरकारी अर्ज समोर आला की त्याच व्यक्तीला शेजाऱ्याच्या डोळ्यांची याचना करावी लागते. हा दोष साधनाचा खचित नव्हे.

वस्तुतः ही साधने घडविण्यात अंधांचाच पुढाकार आहे. 'जॉज' या विख्यात स्क्रीन रीडरचे जनक टेड हेन्टर हे मोटरसायकल शर्यतपटू. १९७८ साली अपघातात त्यांची दृष्टी गेली. डॉसच्या काळात पडद्यावर नुसती अक्षरे असत, तोवर ती वाचून दाखविणे तुलनेने सोपे होते. विंडोजबरोबर चित्रे आणि बटणे अवतरली व अंधांना नव्याने झगडावे लागले. 'जॉज'ने तेही साधले, पण त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात. डोळसाला पडदा फुकट दिसतो, अंधाने मात्र तो ऐकण्यासाठी संगणकाइतकेच पैसे पुन्हा मोजायचे, हा न्याय ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाला मानवला नाही. २००६ साली त्याने 'एनव्हीडीए' लिहावयास घेतले. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. कोणीही वापरावे, कोणीही सुधारावे, अशा परवान्याखाली ते सर्वांना खुले झाले. त्याच्या सोबतीला असलेल्या 'ईस्पीक' या वाणीयंत्रणेला मराठी येते. तिचा स्वर काहीसा यांत्रिक आहे, पण तक्रार करावी असा नाही.

मात्र स्क्रीन रीडरला डोळे नसतात. पडद्यामागे प्रत्येक बटणाला, रकान्याला दिलेले नाव तो उच्चारतो. नावच दिलेले नसेल तर 'बटण, बटण, बटण' एवढेच ऐकू येते. त्यांतले पैसे पाठविणारे कोणते आणि व्यवहार रद्द करणारे कोणते, हे कसे कळावे? मराठीत आणखी एक पीडा आहे. जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी असते, आणि अंधाच्या कानी तीच पडते. कागदाचे छायाचित्र काढून बनविलेल्या पीडीएफमध्ये तर तेवढेही नसते. ही किमया करणारी कार्यालये स्वतःला 'पेपरलेस' म्हणवितात!

कायद्याची वाण आहे म्हणावे तर तसेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम सेवेचे बंधन घातले. परंतु त्याखालील नियम शिफारशीवजाच राहिले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगमतेविषयीचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवून सक्तीचे निकष आखण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची सुगमता हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्या खटल्याचे मूळ बोलके आहे. बँक खात्यासाठी ओळख पटविताना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून उघडण्यास सांगितले जाते. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीने ते कसे करावे, हा प्रश्न ती प्रणाली घडविणाऱ्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

बटणाला नाव देण्यास, ते घडवीत असताना, एक ओळ पुरते. प्रणाली लाखोंच्या हाती गेल्यावर तेच काम खर्चाचे होते आणि मग लांबणीवर पडते. म्हणून नव्या सेवेच्या चाचणीत, ती खुली होण्यापूर्वी, अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे, हा न्यायालयाच्या आदेशांतील भाग सर्वांत मोलाचा ठरतो. कायद्याचा धाक मात्र तोकडा आहे. पहिल्या उल्लंघनाला दंड फार तर दहा हजार रुपये. बड्या बँकेच्या हिशेबात ही रक्कम दिसणारही नाही.