महाडचा मनाई हुकूम आणि विहारातले लग्न

प्रभातवंदनेत मुले 'सिक्खापदं समादियामि' म्हणतात. त्यातील 'सिक्खा' हा शब्द समजावून सांगताना मला दरवर्षी अडचण येते. पालीत त्याचा अर्थ शिकणे, अभ्यासाने अंगी बाणवणे. मराठीत 'शिक्षा' म्हटले की छडी आठवते. सहावीतल्या एका मुलाने एकदा विचारले होते, "सर, शील मोडलं तर काय शिक्षा?" काहीच नाही, हे उत्तर त्याला पटले नाही. मोठ्यांनाही ते सहज पटत नाही. शील माणूस स्वतःहून स्वीकारतो. तेथे आज्ञा देणारा नाही आणि दंड करणाराही नाही. कायदा मात्र आपल्या संमतीसाठी थांबत नाही. आपल्याला धम्म देणारे आणि संविधानाचे शिल्पकार बाबासाहेब एकच असल्यामुळे, जे विहारात झाले ते कायद्यातही बसले, अशी एक समजूत आपल्या समाजात नकळत रुजली आहे. स्वतः बाबासाहेबांनी ही गल्लत कधी केली नाही.

महाडचा इतिहास आपण २० मार्चला सांगतो आणि २५ डिसेंबरला सांगतो. कोर्टाचा भाग रुक्ष म्हणून गाळतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरीही १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन करताच प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेने मनुस्मृती जाळली. त्यानंतर, हजारो माणसे तळ्याकडे जाण्यास अधीर असताना, बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. तळ्याभोवती मिरवणूक गेली. पाण्याला कोणी स्पर्श केला नाही.

वास्तविक त्या दिवशी ग्रंथ आणि हुकूम एकच गोष्ट सांगत होते : पाण्याला हात लावू नका. एक त्यांनी अग्नीच्या स्वाधीन केला, दुसरा पाळला. न्यायालयात वादीला पुरावा द्यावा लागतो आणि हुकूम चुकला तर वर दाद मागता येते. मनूच्या आज्ञेवर अपील नव्हते.

मात्र ही कायद्याची निव्वळ स्तुती समजू नये. तो दावा तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला, तो अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून नव्हे. बंदीची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून. ती सिद्ध झाली असती तर? हा प्रश्न मी इतिहासाच्या तासाला विचारतो, तेव्हा वर्ग काही क्षण गप्प होतो. कायद्यामागे तत्त्व नसेल, तर तो रूढीचे वय तेवढे मोजतो. तत्त्व आले ते संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला, त्याच्या मुळाशी महाडचा अनुभवही असावा असे मला वाटते.

हा विचार स्वतःच्या दारात आणला की बोलणे जड जाते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली नाही. तिच्या मंगलपरिणयाची पत्रिका आली. वर तथागत आणि बाबासाहेबांची चित्रे होती. मी घरी गेलो. वडील नम्रपणे म्हणाले, "सर, हुंडा नाही, भटजी नाही, सगळं धम्मपद्धतीनं करायलोय. मग चूक काय?" ऊसतोडीला सहा महिने जायचे, तरणी पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची, हेही ते बोलले. मी थोडे समजावले आणि परतलो. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो हे मला ठाऊक होते. त्याच्याकडे गेलो नाही. लग्नात मीही गाथा म्हटल्या, फुले टाकली. २००६ चा कायदा बालविवाह लावणाऱ्यालाही अपराधी मानतो. आम्ही तर तो उघड, मेणबत्त्या लावून केला.

त्या बापाला द्यायचे उत्तर विनयपिटकातच होते, ते मला नंतर सुचले. बिंबिसाराचे सैनिक लढाई टाळून संघात येऊ लागले, तेव्हा राजाच्या तक्रारीवरून तथागतांनी राजसेवेतील माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. संघाचे दारही जर राज्याचा नियम पाहून उघडत असे, तर विहारातल्या लग्नाला वेगळी सवलत कशी मिळेल?

म्हणून बौद्धाचार्यांना माझे सांगणे आहे, की विधीला उभे राहण्यापूर्वी मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागावा. कोणी रागावेल, रागावू द्यावे. पण त्या बापाची भीती खोटी नव्हती, आणि ती दाखल्याने जात नाही. तेव्हा आमच्याकडे मुलींसाठी मोजक्याच खाटा होत्या. हसनाबाद परिसरातून हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलींना दिवाळी ते उन्हाळा राहता येईल एवढी जागा वाढवणे माजी विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे. त्या मुलीची थोरली लेक यंदा पाचवीत प्रवेशासाठी आली आहे.