शुगरच्या गोळीचे उसने श्रेय

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या मधुमेही बायका गर्भाशयाच्या कर्करोगातून जास्त वर्षे जगतात, असा दावा गेली दहा-बारा वर्षे छापून येतो आहे. दाव्यामागे रुग्णनोंदी आहेत, हे खरे. पण त्या वाचायच्या कशा? निदानानंतर दोन वर्षांनी गोळी सुरू झालेली बाई पहिल्या दिवसापासून ‘गोळीवाली’ धरली, तर ती दोन वर्षे जगली म्हणूनच त्या रकान्यात आली; त्याआधी दगावलेली आपसूक दुसऱ्या रकान्यात पडली. माँट्रियलचे सुइसा आणि अझूले यांनी २०१२ मध्ये मेटफॉर्मिन व कर्करोगावरच्या अनेक अभ्यासांतली हीच गफलत दाखवून दिली. शिवाय मूत्रपिंडे फार बिघडली की मेटफॉर्मिन बंद करून बहुधा इन्शुलिन देतात. मग तुलना गोळीची उरतच नाही, धडधाकट आणि खंगलेल्या प्रकृतींची होते.

प्रयोगशाळेत पेशींची वाढ थांबते, त्याचे काय? थांबते, पण अशा अनेक प्रयोगांत पेशींवर ओतलेली मात्रा गोळी गिळून रक्तात कधी साधत नाही. मँचेस्टरच्या एका चाचणीत ८८ बायकांना शस्त्रक्रियेआधी मेटफॉर्मिन किंवा नकली गोळी दिली; २०१९ चा निकाल असा की गाठीच्या वाढीत फरक नाही. अमेरिकेत बळावलेल्या रोगात केमोथेरपीला या गोळीची जोड देऊन पाहिली, आणि फायदा दिसेना म्हणून चाचणी आवरती घेतली. स्तनाच्या कर्करोगात ३,६४९ रुग्णांवरही २०२२ मध्ये तेच निष्पन्न झाले. ही शेवटची चाचणी मधुमेह नसलेल्यांची होती, तेव्हा मधुमेही बाईपुरते दार पुरते बंद झालेले नाही, हे मान्य. पण पुरावा आणायचा तो दावा करणाऱ्याने. ‘स्वस्त गोळी, घेतली तर बिघडले कुठे?’ मधुमेहासाठी ती घ्यावीच. लवकर सापडलेल्या या कर्करोगातून वाचलेल्या बायकांच्या मृत्यूचे मोठे कारण हृदयविकार आहे, म्हणून साखर आवरणे हे आयुष्य वाढवणेच. श्रेय द्यायचे ते इथे द्यावे.

खरी गफलत पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात वेगळ्याच ठिकाणी होते. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर साखर, रक्तदाब, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड तपासतात; गर्भाशयाची पिशवी त्या यादीत नाही. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ‘ठीक’ आली की बाई सगळेच ठीक समजते. वास्तविक लठ्ठपणा आणि मधुमेह पिशवीच्या कर्करोगाचा धोका वाढवतात, आणि पाळी गेल्यानंतर हा रोग झालेल्या दहांपैकी नऊ जणींना अंगावरून रक्त जाते. ताम्हिणीकडून एसटीने पौडला शुगर दाखवायला आलेल्या बाईच्या कार्डावर साखरेचा आकडा चढतो. ‘पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेले का?’ हा प्रश्न शेजारी चढवायला छदामही लागत नाही. लाजेपोटी ती आपणहून सांगणार नाही, अंगावर काढेल. अमेरिकेतल्या नोंदींत रोग गर्भाशयापुरता असताना पाच वर्षे जगण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, दूरवर पसरल्यावर ते वीस टक्क्यांच्या आसपास येते. एवढी तफावत कुठल्या गोळीने पाडून दाखवली?

यावर म्हणतील, असे रक्त जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणींना कर्करोग नसतोच. उगीच बायकांना घाबरवता कशाला? नऊ जणींची भीती घालवायची सोयही पुढच्या तपासणीत आहे. सोनोग्राफीत पिशवीचे अस्तर चार मिलिमीटरपर्यंत भरले तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. जाड असेल किंवा रक्त पुन्हा गेले, तर अस्तराचा नमुना तपासायचा. तालुक्यातच, लवळ्याला, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उभे आहे. तिथली चिठ्ठी शुगर तपासणाऱ्या टेबलावरूनच लिहून देता येईल.