साहित्याची पदवी, भाषेचा तास

महाराष्ट्रातील सर्व शाळांतून मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्याचा कायदा २०२० साली झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर वादळ उठले आणि राज्य सरकारला आपले दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. या साऱ्या गदारोळात कोणती भाषा, कितव्या इयत्तेपासून, यावर पुष्कळ बोलले गेले. ती शिकवणार कोण आणि त्या शिक्षकास घडवणार कोण, याची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

शाळेतील भाषाशिक्षक घडतो तो महाविद्यालयात, आणि तेथे नेमणूक होते ती साहित्याच्या पदवीवर. 'नेट' परीक्षेत मराठी, हिंदी, इंग्रजी हे विषय आहेत, भाषाविज्ञानही आहे. द्वितीय भाषेचे अध्यापन असा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे संतकाव्यावर प्रबंध लिहिलेला अध्यापक वाणिज्य शाखेच्या अशा वर्गापुढे उभा राहतो, की ज्यातील अनेकांच्या घरी गुजराती, कन्नड वा हिंदी बोलली जाते आणि ज्यांना साधा अर्ज लिहिताना घाम फुटतो. तो त्यांना कवितेचे रसग्रहण सांगतो. दोष त्याचा नव्हे; त्याला तेवढेच शिकविण्यात आले होते.

मागणी नाही, असेही म्हणता येत नाही. बँकांतील लिपिकांच्या भरतीत स्थानिक भाषेचे ज्ञान पाहिले जाते. अमराठी शासकीय सेवकांना मराठीची परीक्षा द्यावी लागते. परंतु ही गरज पदांत उतरत नाही. पदे ठरतात मंजूर कार्यभारावरून, आणि रिकाम्या जागा भरल्या जातात तासिका तत्त्वावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकास तासाला १,५०० रुपये सुचविले, मात्र महिन्याची मर्यादा ५०,००० ठेवली. सातव्या वेतन आयोगानुसार कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते. सुटीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही.

हा अन्याय सर्वच विषयांच्या अध्यापकांवर होतो. भाषेच्या बाबतीत मात्र त्याने अध्यापनाचे स्वरूपच बदलते. दुसरी भाषा व्याख्यानाने येत नाही. ती येते संभाषणाने, चुका दुरुस्त करण्याने, ऐंशी मुलांच्या वह्या दर आठवड्यास तपासण्याने. या श्रमाचा एक पैसाही तासिकेत धरलेला नाही. साहित्यावरील व्याख्यान स्वस्त पडते, भाषेचे शिक्षण महाग. आणि तासावर राबणारा अध्यापक स्वस्त तेच करणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हे शास्त्र आपल्याकडे अपरिचित आहे काय? म्हैसूर येथे १९६९ साली भारतीय भाषा संस्था स्थापन झाली. तिच्या पुण्याच्या केंद्रात परप्रांतीय शिक्षकांना दहा महिन्यांत मराठी, गुजराती, सिंधी शिकविण्यात येऊ लागली. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ साली प्रसिद्ध झाले, तेही पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून. इंग्रजीच्या अध्यापनासाठी तर हैदराबादला १९५८ पासून स्वतंत्र संस्था आहे. ज्या भाषेला कोणाच्या आश्रयाची गरज नाही, तिची सोय सर्वांत आधी झाली!

भाषेचे शिक्षण आले की साहित्याची हकालपट्टी होईल, अशी भीती मराठी विभागांतून व्यक्त होते. तिला आधार नाही. साहित्याची पदे कोणी मागत नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी विभागात द्वितीय भाषेच्या अध्यापनासाठी निदान एक कायम पद असावे, आणि वह्या तपासण्याचा वेळ त्याच्या कार्यभारात धरावा, एवढेच मागणे आहे. पदभरतीची पुढील जाहिरात निघण्यापूर्वी हे ठरविता येईल.