ॲम्प ड्रमरसाठी घ्यावा

"दादा, गिगसाठी किती वॅटचा कॉम्बो घेऊ?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणारा बहुधा पंचविशीतला, हिंजवडीत नोकरीला. ऑफिसच्या बँडमध्ये गिटारवाले तिघे आधीच होते म्हणून बेसवर ढकलला गेलेला आणि मग त्याच्याच प्रेमात पडलेला. नुकताच बोनस झालेला असतो, ब्राउजरमध्ये बारा टॅब उघडे असतात, आणि त्याला माझ्याकडून फक्त एक आकडा हवा असतो. मी आकडा देत नाही. उलट विचारतो, "तुमचा ड्रमर कसा वाजवतो रे?"

पोरगं गोंधळतं. पैसे माझे, गिटार माझी, पाठही माझीच मोडणार, मग ड्रमरचा काय संबंध?

तर मंडळी, आजचा शनिवार त्या संबंधासाठी. (कॉम्बो म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. ज्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी इथून चहाला जायला हरकत नाही.)

आधी थोडा इतिहास, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बेसमन नावाचा कॉम्बो, त्यात एक १५ इंची स्पीकर. (पुढचा चार स्पीकरवाला बेसमन गिटारवाल्यांनीच पळवला. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल बनला तो त्याच्याच सर्किटवरून. बेसवाल्याच्या वाटची भाकरी गिटारवाल्याने खाणं हे असं जुनं आहे.) १९६० मध्ये ॲम्पेगचा बी-१५ आला, तीसेक वॅटचा. मोटाउनचा जेम्स जेमर्सन क्लबात वाजवायला तो नेत असे. स्टुडिओत मात्र त्याचा बेस बहुतेक वेळा थेट कन्सोलमध्ये जायचा. म्हणजे ज्या बेससाठी आपण त्याला देव मानतो, त्यातल्या बऱ्याचशा रेकॉर्डिंगमध्ये ॲम्प नाहीच.

आणि १९६९ मध्ये आला ॲम्पेगचा एसव्हीटी. ३०० वॅट, त्याखाली आठ १० इंची स्पीकरचं कपाट, सगळं मिळून वजन शंभर किलोच्या आसपास. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या दौऱ्यात तो होता. असलं धूड का लागलं? कारण तेव्हाच्या पीए सिस्टिम मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज वाहायच्या. बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम स्टेजवरच्या ॲम्पलाच करावं लागे.

ते काम आता ॲम्पकडे राहिलेलं नाही. जरा बऱ्या हॉलमध्ये साउंडवाला तुमच्याकडून एक केबल घेतो, मिक्सरमध्ये टाकतो आणि सबवूफरमधून लोकांच्या छातीत बेस पोचवतो. पण विकत घेताना आपल्या डोक्यात अजून १९६९ च असतं. 'शेवटच्या रांगेपर्यंत जाईल ना?' अरे, शेवटची रांग तुझी नाहीच! तुझं गिऱ्हाईक तुझ्यापासून चार फुटांवर स्टुलावर बसलंय, हातात दोन काठ्या घेऊन.

त्याची अडचण बघा. पीएचे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. वरच्या फ्रिक्वेन्सी सरळ पुढे जातात, खालच्या मात्र चहूकडे पसरतात. त्यामुळे मागे बसलेल्या ड्रमरला बेसचा ऐकू येतो तो फक्त घुमारा. बोट तारेवर नेमकं कधी पडलं ते त्यात कळत नाही. समोरच्या मॉनिटरमध्ये लहान ठिकाणी फक्त गायक असतो. आता ड्रमर आणि बेसिस्ट ही जोडी म्हणजे बैलगाडीचे दोन बैल. एकाला दुसरा दिसेनासा झाला की गाडी कुठे जाणार ते उघड आहे. ड्रमर बिचारा चाचपडतो, मग जोरात हाणायला लागतो. गिटारवाल्याला स्वतःची गिटार ऐकू येत नाही म्हणून तो व्हॉल्यूम चढवतो. गायिका ओरडायला लागते. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळे दहावर, आणि पुढच्या टेबलावरचं कुटुंब बिल मागवतं. आमच्या भाषेत याला पॉझिटिव्ह फीडबॅक लूप म्हणतात.

यात जाणारी वस्तू म्हणजे कान. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास चालतील, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा. हिशोब करा: १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमसेटसकट बंद खोलीत प्रॅक्टिस करताना १०० गाठणं काहीच अवघड नाही, आणि आपली प्रॅक्टिस तीन तास चालते. चाळिशीच्या आतच कानात कायमची शिट्टी घेऊन फिरणारे दोन-तीन वाजवणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यातले दोघे ड्रमर.

म्हणून माझं मत असं की कॉम्बो निवडताना एकच कसोटी लावावी: ड्रमरला त्याच्या नेहमीच्या जोरात वाजवताना माझी प्रत्येक नोट स्वच्छ ऐकू येईल का? बाकी सगळं नंतर.

आता वॅट. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० च्या जागी २०० वॅटचा घेऊन तुम्ही जे मिळवता ते एखादा जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर फुकटात देऊन जातो. शिवाय पेटीवरचा आकडा नीट वाचा. फेंडरच्या रंबल ५०० चे ५०० वॅट बाहेरून आणखी एक स्पीकर जोडून लोड ४ ओहम केला तर. नुसत्या आतल्या ८ ओहमवर ३५०. यात लबाडी नाही, कंपनी तसं लिहूनच देते, आपण वाचत नाही इतकंच. तेच वजनाचं. हा दोन १० इंचीवाला कॉम्बो साडेसोळा किलोचा आहे, आणि त्याचाच धाकटा भाऊ रंबल ४० आठ किलोच्या जरा वर. हलक्या नियोडिमियम चुंबकाचे स्पीकर आणि क्लास-डी सर्किट यांनी बेसिस्टच्या कमरेवर जे उपकार केलेत ते कुठल्याही फिजिओथेरपिस्टने केले नसतील.

स्पीकर लहान की मोठा या वादात मी पडत नाही, कारण त्यावर हॉफमनचा नियम आहे. केएलएच कंपनीतला 'एच' म्हणजे हा जे. अँटन हॉफमन. तो सांगतो: पेटी लहान, आवाज खोल, आणि कमी वॅटमध्ये जास्त आवाज, या तीनपैकी कुठलेही दोनच मिळतील. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको, आपणही क्लायंटला रोज हेच सांगतो. मी यातला 'खोल' सोडून देतो. बेसची सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते. लहान कॉम्बो ती मूळ कंपनं मोठ्याने देऊच शकत नाहीत, पण ८२, १२३ अशी पटीतली कंपनं देतात आणि उरलेलं मेंदू भरून काढतो. मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर पंचमची गाणी ऐका. टोनी वाझ यांचा बेस तरीही 'ऐकू' येतो की नाही? तसंच.

(यावरून एक अफवा आठवली. ४१ हर्ट्झची लहर सव्वाआठ मीटर लांब, म्हणून 'बेस तयार व्हायला' तेवढी जागा लागते म्हणे. मग हेडफोनमध्ये बेस कसा येतो, असं विचारा आणि मजा बघा.)

याचाच दुसरा अर्थ असा की दुकानात एकट्याने वाजवताना जो आवाज भारी वाटतो, तो बँडमध्ये हमखास हरवतो. खालचं वाढव, वरचं वाढव, मधलं कापून टाक: दुकानात काय गोड लागतं! पण ड्रमरला नोट कळते ती मधल्या भागात, ढोबळमानाने २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तेव्हा दुकानात सगळी बटणं मध्यावर ठेवा, पिशवीतून मेट्रोनोम नाही, ड्रमरलाच बरोबर न्या, आणि त्याला दहा फुटांवर उभा करा. त्याला कंटाळा येईल. वडापाव द्या.

माझा अंदाज मागाल तर असा: ब्रश किंवा काहोनवर वाजवणाऱ्याबरोबर ४०-५० वॅट चालून जातात. पूर्ण ड्रमसेट असेल तर आतल्या स्पीकरवर खरे दीडशे ते साडेतीनशे, एक १२ इंची किंवा दोन १०, आणि सतरा किलोच्या आत. त्यापुढचे पैसे केबल, इयरप्लग आणि रिक्षाला ठेवा. वजनाचं मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण जिना चढून जड ॲम्प नेणारा बेसिस्ट लग्न झाल्यावर गिग नाकारायला लागतो, आणि पोर झाल्यावर बेस विकतो. असे चार तरी बघितलेत.

स्टेजवर ठेवायचा कुठे? ड्रमच्या हायहॅटच्या बाजूला, तुमच्या आणि ड्रमरच्या मध्ये. मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून, वीतभर अंतरावर. भिंतीपासून मीटरभर पुढे ओढलात तर परतून येणारी लहर साधारण ८६ हर्ट्झपाशी मूळ आवाजालाच खाते, आणि नेमक्या तुमच्या कामाच्या नोटा गायब होतात. सोसायटीच्या गणपतीत असतं तसं पोकळ फळ्यांचं स्टेज असेल तर ॲम्प जमिनीवर नको, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा. फळ्या घुमायच्या थांबतात, शिवाय आवाज पोटऱ्यांऐवजी कानांकडे येतो. ज्याचे कान पोटऱ्यांत आहेत असा बेसिस्ट मला अजून भेटलेला नाही, पण ॲम्प लावायची आपली पद्धत बघून तसंच वाटतं.

मागे डीआय आउट हवाच, आणि शक्यतो प्री-पोस्टचं बटण. ते 'प्री'वर ठेवा. मग ड्रमरसाठी तुम्ही मधल्या गाण्यात कितीही बटणं फिरवलीत तरी साउंडवाल्याकडे जाणारा सिग्नल तोच राहतो. साउंडवाल्याचं आणि आपलं भांडण होतं त्यातलं निम्मं या एका बटणामुळे मिटेल.

आता दुसरी बाजू. हल्ली एक पंथ म्हणतो की ॲम्पच नको, पेडलमधून थेट मिक्सरला जा, कानात इन-इयर घाला. मोठ्या बँडना ते शोभतं. त्यांचा साउंड इंजिनिअर ठरलेला असतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र मॉनिटर मिक्स मिळतो. आपल्याकडे कॅफेत दोन टॉप, सब नाही, मिक्सरला मोकळं ऑक्स नाही, आणि मिक्सरवर बसलेला पोरगा मधेच ऑर्डर घ्यायला जातो. तिथे ॲम्पशिवाय जाणं म्हणजे ड्रमरला डोळे बांधून दुचाकी चालवायला देणं. म्हणून मला हा सल्ला पटत नाही, निदान पुण्यातल्या शंभर माणसांच्या जागांसाठी तरी नाही.

आता विजेबद्दल, आणि इथे थट्टा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा जी ४९ हर्ट्झ. म्हणजे आपल्याकडचा हम किंचित चढ्या जीमध्ये गुणगुणतो. बेससोबत सतत असा कोणी गुणगुणत असेल तर डीआयजवळचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पण हम घालवायला प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका, कोणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा शॉक लागून गेला. तारांवर हात आणि ओठांशी माइक, यात सर्किट पूर्ण करायला तुम्हीच असता. हीच गोष्ट अमेरिकेहून येणाऱ्या भावाकडून मागवलेल्या ॲम्पची. मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ते आपल्या २३० वर लावायचं नाही. नुसता प्लगचा ॲडॉप्टर बदलून भागत नाही.

सॉकेट टेस्टर नावाची एक छोटी वस्तू इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, तीन दिवे असतात. गेल्या गेल्या ती लावून बघा. आपला ॲम्प आणि पीए एकाच बोर्डावरून घ्या. अर्थचा दिवा लागला नाही तर आयोजकाला शांतपणे सांगा की इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर आम्ही चहा पितो. आयोजक "आजवर कुणाला काही झालं नाही" म्हणतील. तरी चहाच प्या.